हिरडीखालचं हाड भरतं, पण कुणाचं?

दात हलायला लागला की शिरूर-दौंडकडच्या माणसाला आजवर दोनच सल्ले मिळत आले: काढून टाका, नाहीतर आपणहून पडेपर्यंत चालवून घ्या. अलीकडे तिसरा सल्ला कानावर येऊ लागला आहे. मोबाईलवरच्या जाहिरातीतून, पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याकडून कळतं की हिरडीखालचं गेलेलं हाड आता परत वाढवता येतं, आणि त्यासाठी ‘स्टेम सेल’ आणि ‘ग्रोथ फॅक्टर’ नावाची नवी विद्या निघाली आहे. यात सगळंच खोटं आहे असं नाही. गोंधळ एवढाच की दोन अगदी वेगळ्या पायरीवरच्या गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. पेशींना वाढीचा हुकूम देणारी प्रथिनं, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, काही ठरावीक जागी काम करतात याला चांगला पुरावा आहे. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, हिरडीच्या बाबतीत अजून चाचणीच्या टप्प्यावरच आहेत. आणि या दोन्हींच्या आधी तीन जुन्या, बिनझगमगाटाच्या गोष्टी निकाल ठरवतात: हाड कोणत्या आकारात खचलं आहे, तोंड किती स्वच्छ राहतं, आणि रक्तातली साखर व तंबाखू ताब्यात आहेत की नाहीत. या तिन्हींकडे पाठ फिरवून जो नवी विद्या विकत घेईल त्याचा पैसा पाण्यात जाण्याचीच शक्यता जास्त, असं माझं म्हणणं आहे.

आधी हाड जातं कसं ते पाहू. दात जबड्याच्या हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ कठीण थर असतो, समोर हाडाची भिंत असते, आणि या दोहोंमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या फटीत तंतूंचा एक पट्टा असतो. या तंतूंची एक टोकं सिमेंटममध्ये रुतलेली, दुसरी हाडात. भाकरीचा तुकडा चावताना दात किंचित दबतो आणि परत जागेवर येतो तो या पट्ट्यामुळे. दातांवर साचलेलं कीटण हिरडीखाली उतरलं की तिथले जंतू आणि त्यांच्याशी झुंजणारं आपलंच शरीर यांच्या धुमश्चक्रीत हे तंतू तुटतात आणि हाड विरघळत जातं. लोक याला पायरिया म्हणतात. दुखत फारसं नाही, हाच त्याचा डाव. ब्रशला रक्त लागतं, तोंडाला वास येतो, हिरडी दाबली की पू येतो, आणि दात हलू लागतो तोवर निम्मं हाड गेलेलं असू शकतं. मग कीटण काढून जखम स्वच्छ केली तर हाड आपोआप का भरत नाही? कारण बरं होताना चार प्रकारच्या पेशींची शर्यत लागते, आणि हिरडीच्या वरच्या कातडीच्या पेशी त्यात सगळ्यांत वेगवान असतात. त्या मुळाला लगटून खाली उतरतात आणि रिकामी जागा व्यापतात. जखम भरलेली दिसते, पण हाड, तंतू आणि सिमेंटम यांना परतायला जागाच उरत नाही.

या शर्यतीकडे 1976 मध्ये मेल्चर या शास्त्रज्ञाने बोट दाखवलं: मुळापाशी कोणत्या पेशी आधी पोचतात त्यावर जखम कशी भरणार ते ठरतं. 1982 मध्ये स्वीडनमध्ये न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काढायचाच ठरलेल्या एका पुढच्या दाताभोवती हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये गाळणीचा बारीक कागद आडवा घातला. तीन महिन्यांनी पाहिलं तर मुळावर नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे तंतू. कातडीच्या पेशींना नुसतं अडवलं, तर बाकीच्या पेशी आपलं काम करतात हे त्या एका दाताने दाखवलं. दुसरा धागा हाडांच्या डॉक्टरांकडून आला. 1965 मध्ये अमेरिकेतल्या मार्शल युरिस्ट यांनी हाडातला कॅल्शियम आम्लाने धुऊन काढला आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. जिथे हाडाचं काही कामच नाही अशा मांसात हाड तयार झालं. त्या सांगाड्यात पेशींना ‘हाड बनवा’ असं सांगणारी प्रथिनं होती. त्यांना पुढे बीएमपी हे नाव पडलं. त्यातलं एक, बीएमपी-2, प्रयोगशाळेत तयार करून अमेरिकेत 2002 मध्ये मणक्यासाठी आणि 2007 मध्ये जबड्याच्या काही कामांसाठी मान्य झालं. पीडीजीएफ नावाचं प्रथिन 2005 मध्ये तिथेच हिरडीच्या आजारासाठी मान्य झालं, आणि 2016 मध्ये जपानने एफजीएफ-2 या आणखी एका प्रथिनाला परवानगी दिली. डुकराच्या पिल्लांच्या उगवत्या दातांपासून काढलेलं एम्डोगेन तर 1990 च्या दशकापासून वापरात आहे. (आपल्याकडे डुक्कर किंवा गाय-बैल यांच्यापासून केलेला माल तोंडात घालण्याआधी रुग्णाला तसं स्पष्ट सांगायला हवं. संमतीच्या कागदावर सही घेणं आणि माल कुठून आला हे सांगणं, या दोन गोष्टी एक नव्हेत.)

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कथा परदेशी वाटायचं कारण नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून टिशू बँक चालते. शस्त्रक्रियेत काढलेलं आणि दात्यांनी दिलेलं माणसाचं हाड तिथे तपासतात, स्वच्छ करतात, गोठवून सुकवतात, आणि किरणोत्साराने निर्जंतुक करतात. त्यातला एक प्रकार युरिस्ट यांच्या वाटेनेच जातो: आम्लाने कॅल्शियम काढलेली पूड, म्हणजे आतली प्रथिनं उघडी पडतात. हिरड्यांचे डॉक्टर ही पूड खचलेल्या जागी भरतात. त्याहूनही साधी गोष्ट म्हणजे पीआरएफ, जी 2001 मध्ये फ्रान्समध्ये शूक्रून यांनी मांडली. रुग्णाच्या दंडातून दहा मिलिलिटरच्या नळ्यांत रक्त काढायचं, ते गोठू नये म्हणून काहीही मिसळायचं नाही, आणि लगोलग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. इथे दोन मिनिटांचा उशीरही महागात पडतो, कारण रक्त नळीतच गोठून बसतं. दहा-बारा मिनिटांनी नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात: तळाला लाल, वर पातळ पिवळं पाणी, आणि मध्ये पिवळसर पांढरा लिबलिबीत गोळा. तो चिमट्याने उचलायचा, खालचा लाल भाग कात्रीने कापायचा, आणि दाबून पाणी काढलं की ओल्या कापडासारखा पातळ पडदा हाती येतो. त्यात अडकलेल्या प्लेटलेट आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ पीडीजीएफ आणि इतर ग्रोथ फॅक्टर थोडे थोडे सोडत राहतात. परदेशी बाटली नाही, प्राण्याचा माल नाही, खर्च मुख्यतः यंत्राचा आणि हाताच्या कौशल्याचा. तालुक्याच्या गावी पोचू शकेल अशी या क्षेत्रातली गोष्ट कुठली असेल तर ती हीच. मात्र तिला स्टेम सेल उपचार म्हणून विकणं ही सरळ दिशाभूल आहे; हा रक्ताच्या गुठळीचाच सुधारलेला अवतार आहे.

आता आकाराचा प्रश्न, कारण सगळं घोडं इथे अडतं. हाड दोन तऱ्हांनी जातं. कधी एका दाताच्या एका बाजूला खोल, अरुंद खळगा पडतो आणि त्याच्या दोन-तीन बाजूंना हाडाच्या भिंती शाबूत असतात. कधी सगळ्या दातांभोवती हाडाची पातळीच सरसकट खाली जाते. खड्ड्यात टाकलेली माती टिकते, उताराला टाकलेली पहिल्या पावसात वाहून जाते, इथेही तेच. भिंती असलेल्या खळग्यात गुठळी, पूड किंवा प्रथिन जागेवर राहतं, आजूबाजूच्या हाडातून पेशी येतात, आणि सहा ते नऊ महिन्यांनी एक्स-रेमध्ये भरण दिसते. सरसकट खचलेल्या हाडाला मात्र आज उपलब्ध असलेली कुठलीही बाटली, पूड किंवा पेशी भरवशाने वर आणू शकत नाही. पुष्कळ वर्षं पायरिया अंगावर काढलेल्या माणसाच्या एक्स-रेमध्ये अनेकदा हा दुसरा प्रकारच दिसतो. अशा माणसाला ‘हाड वाढवून देऊ’ असं सांगणाऱ्याने आधी त्याच्याच एक्स-रेवर भिंती कुठे आहेत ते बोटाने दाखवावं. पीआरएफवर भारतातल्या दंत महाविद्यालयांत अनेक चाचण्या झाल्या, आणि नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा निकाल बरे आले हे खरं. पण त्यातल्या बहुतेक काही डझन रुग्णांच्या आणि निवडक खळग्यांच्या आहेत.

मूलपेशींची गोष्ट अधिक मोहक आहे. 2000 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अक्कलदाढेच्या गाभ्यात मूलपेशी सापडल्या, 2003 मध्ये पडलेल्या दुधाच्या दातात, आणि 2004 मध्ये मूळ आणि हाड यांच्यामधल्या त्या पट्ट्यातच. हा तिसरा शोध महत्त्वाचा, कारण याच पेशी सिमेंटम आणि तंतू दोन्ही बनवू शकतात असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे शर्यतीत हरणाऱ्या पेशी आधीच वाढवून जागेवर नेऊन ठेवता येतील, ही कल्पना अगदी तर्कशुद्ध होती. पण तर्क बरोबर असला म्हणून उपचार लागू पडतोच असं नाही. 2016 मध्ये चीनमधल्या शीआन शहरातून एक काळजीपूर्वक केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. 30 रुग्ण, 41 दात. अर्ध्या दातांना बैलाच्या हाडाची पूड आणि रुग्णाच्याच पट्ट्यातून वाढवलेल्या पेशींचा थर, उरलेल्या अर्ध्यांना फक्त पूड. वर्षभराने दोन्ही गटांत हाड भरलेलं होतं, आणि दोन गटांत ठामपणे सांगता येईल असा फरक नव्हता. पेशींनी अपाय केला नाही, ही जमेची बाजू. पण तुलनेचा गट नसता तर याच आकड्यांवर ‘स्टेम सेलने हाड वाढलं’ अशी बातमी झाली असती. पूड एकटीही तेवढंच करत होती, हे दुसऱ्या गटामुळे कळलं. पुढे जपानमध्ये 10 रुग्णांवर पेशींचे तीन थर घालून चांगले निकाल आले. तिथे तुलनेचा गट नव्हता.

तुलनेचा गट म्हणजे काय, हे शिरूर तालुक्याला शहरातून कुणी शिकवायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वढू बुद्रुकला आहे, आणि आसपासच्या गावांतली जन्म-मृत्यूची घरटी नोंद तिथे वर्षानुवर्षं ठेवली जाते. रोटाव्हायरसच्या जुलाबावरची देशी लस, रोटाव्हॅक, दिल्ली आणि वेल्लोरबरोबर इथेच तपासली गेली. तिन्ही ठिकाणची मिळून 6,799 बाळं. काहींना लस, काहींना लसीसारखंच दिसणारं द्रावण, आणि कुणाला काय मिळालं हे ना आईला माहीत ना तपासणाऱ्याला. आईवडिलांकडून पैसे घेतले नाहीत, उलट बाळ आजारी पडलं की उपचाराची सोय होती. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं हे सिद्ध झाल्यावरच 2016 पासून ती देशाच्या लसीकरणात आली. प्रयोग याला म्हणतात. उलट, रुग्णाकडून पूर्ण फी घेऊन, तुलनेचा गट न ठेवता, ‘हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे’ असं बारीक अक्षरात लिहून जे केलं जातं तो व्यापार. भारतातला नियम याबाबत संदिग्ध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा वापर मान्य आणि नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवा. मुलांचे दुधाचे दात पैसे घेऊन जपून ठेवण्याचा जो धंदा मधल्या काळात पालकांपुढे मांडला गेला, त्यालाही या सूचनांत जागा नाही; साठवायची परवानगी आहे ती नाळेतल्या रक्ताची. चाचणी खरी असेल तर देशाच्या चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, आणि तो विचारायला लाजू नये.

यावर एक आक्षेप लगेच येतो: पेशी माझ्याच, शरीर माझंच, मग बिघडतं कुठे? बिघडू शकतं. पेशी शरीराबाहेर काढून काही आठवडे वाढवल्या की त्या बाहेरचं खाद्य खातात, कधी त्यांत जंतू शिरतात, कधी त्यांचा स्वभाव पालटतो. म्हणूनच 2019 च्या औषध नियमांत अशा पेशींना नवं औषधच मानलं आहे. साधी प्रथिनंसुद्धा निरुपद्रवी नसतात. बीएमपी-2 मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला एवढी सूज आली की श्वासच अडला, अशा तक्रारींनंतर 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. पण दंतरुग्णाचं नेहमीचं नुकसान याहून साधं असतं. पैसा जातो, आणि चमत्काराची वाट पाहण्यात वेळ जातो. त्या वेळात उरलेलं हाडही खचतं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. शहरातल्या श्रीमंताला नवी विद्या आणि खेड्यातल्या माणसाला ‘आधी दात घासा’ हा उपदेश, हा कुठला न्याय? राग समजण्यासारखा आहे. पण तोंडाची स्वच्छता आणि तंबाखू या अटी गरिबासाठी वेगळ्या काढलेल्या नाहीत. त्या शरीराच्या अटी आहेत आणि कोरेगाव पार्कमधल्या रुग्णालाही तशाच लागू होतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास दर चार प्रौढांमागे एक जण धूर न काढता तंबाखू वापरत होता. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण आपल्याकडे तंबाखू मिश्रीच्या रूपाने दात घासायच्या निमित्ताने घरात येते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची, आणि सकाळी बोटावर घेऊन हिरडीवर चोळायची; कित्येक बायका ती बराच वेळ तशीच धरून ठेवतात. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि नव्या हाडाला सगळ्यांत आधी लागतं ते रक्तच. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हाड भरण्याचे निकाल ठळकपणे कमी येतात हे वारंवार दिसलं आहे. मिश्रीतलं निकोटिन काही वेगळं नाही. मधुमेहाचंही तसंच: साखर चढलेली असली की हिरडी बिघडते, आणि बिघडलेली हिरडी साखर आणखी चढवते. त्यात भर ‘साफ केले की दात हलतात’ या समजुतीची. दात आधीच सुटलेले असतात, कीटणाच्या थराने एकमेकांना धरलेले असतात. थर निघाला की खरी स्थिती उघडी पडते आणि दोष साफ करणाऱ्यावर येतो. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात वेळेवर कीटण काढून घेणं याची जाहिरात कुणी करत नाही. पण भिंती शाबूत असतानाच आजार थांबवण्याचं काम तेच करतं, आणि पुढे कधी पीआरएफ करायचं ठरलं तर त्याची पूर्वअटही तीच.

तिसरं म्हणणं रोखठोक हिशेबाचं असतं: एवढा खटाटोप कशाला, दात काढून कवळी बसवू. काही दातांच्या बाबतीत हे योग्यच आहे, आणि इलाज नसलेला दात वाचवण्याच्या नावाखाली वर्षभर खर्चात पाडणं हाही अन्यायच. पण दात काढला की त्याभोवतीचं हाड झिजू लागतं, पहिल्या वर्षातच पुष्कळ, आणि कवळी ढिली होत जाते. बाजरीची भाकरी आणि ऊस सोडून द्यावा लागतो. म्हणून एका-दोन खळग्यांचा, बाकी तोंड निरोगी असलेला, पस्तीस-चाळिशीचा रुग्ण कवळीकडे ढकलू नये. त्याला पुण्याच्या दंत महाविद्यालयातल्या हिरडी विभागाकडे पाठवावं. ग्रोथ फॅक्टर आहेत ते अशा रुग्णासाठी.

राहता राहिला प्रश्न पुढचा. आजवरच्या बहुतेक चाचण्यांत तंबाखू वापरणारे आणि साखर ताब्यात नसलेले रुग्ण सुरुवातीलाच वगळले जातात, कारण त्यांच्यामुळे निकाल डागाळतो. शास्त्राच्या दृष्टीने ते ठीक, पण मग तो निकाल मिश्री सोडायला धडपडणाऱ्या केडगावच्या बाईला किंवा पाटस-न्हावरे पट्ट्यात ऊसतोडीला आलेल्या जोडप्याला किती लागू पडतो? इथे चाचणी करायची तर ती याच माणसांवर व्हायला हवी: एका गटाला नीट साफसफाई आणि तंबाखू सोडायला मदत, दुसऱ्याला तेच सगळं अधिक पीआरएफ, मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नाही, रुग्णाला खर्च शून्य. वढूने घरोघरच्या नोंदीची आणि पाठपुराव्याची घडी बसवून दाखवलेलीच आहे. अडचण वेळापत्रकाची राहील. टाके दहा-पंधरा दिवसांनी निघतात, पुढे दर तीन महिन्यांनी सफाई लागते, आणि एक्स-रे नवव्या महिन्यात. दिवाळीच्या आसपास कारखान्याचं धुराडं पेटलं की तोडणीवाला फडातून हलत नाही, आणि हंगाम संपल्यावर तो बीडला, आपल्या गावी गेलेला असतो. म्हणून त्याची शस्त्रक्रिया शिरूरला आणि नऊ महिन्यांनंतरचा एक्स-रे त्याच्या गावाजवळ, असं दोन जिल्ह्यांचं वेळापत्रक आधी आखावं लागेल.